विश्लेषण : सातव्या निजामाला हवा होता वेगळा देश, जालना होते त्याच्या सरहद्दीवर

दरवर्षी १७ सप्टेंबरला जालन्यासह मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्यात ध्वजवंदन होते. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, मराठवाड्याला मात्र आणखी तेरा महिने थांबावे लागले. या तेरा महिन्यांत हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान आपल्या संस्थानाला स्वतंत्र देश म्हणून मान्यता मिळवण्याच्या खटपटीत होता. लंडनहून आणलेला सल्लागार, कराचीशी संधान, गोव्यातील बंदराची चाचपणी आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार असे सगळे मार्ग त्याने धुंडाळले. ते यशस्वी झाले असते, तर जालना आज परदेशात असते. हे परराष्ट्र धोरण का फसले आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा हा आढावा.

जालना तेव्हा नेमके कुठे होते?

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, तर परतूर परभणी जिल्ह्यात होते. १९४७ मध्ये हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद असे मराठी भाषकांचे पाच जिल्हे संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी होते.

जालना या संस्थानाच्या वायव्य टोकाजवळ होते. उत्तरेला मुंबई प्रांतातील खानदेश आणि पूर्वेला वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा. म्हणजे जालन्याहून देऊळगाव राजाकडे किंवा सिंदखेड राजाकडे जाणारा माणूस वाटेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. समर्थ रामदासांचे जांब निजामाच्या हद्दीत आणि जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा इंग्रजांच्या कारभाराखाली, अशी ही विभागणी होती. बोली, सोयरिकी, बाजारहाट दोन्हीकडे एकच. कायदा आणि नाणे मात्र वेगळे. निजामाचे नाणे हाली शिक्का म्हणून ओळखले जाई.

कापसाच्या आणि धान्याच्या व्यापारामुळे जालन्याची ओळख सोन्याचा पाळणा अशी होती. मनमाड ते सिकंदराबाद या निजामाच्या रेल्वेवर ते एक महत्त्वाचे स्थानक होते. रेल्वे निजामाची, पण तिचे मनमाडचे टोक मुंबई प्रांतात. स्वतंत्र हैदराबाद या कल्पनेची सगळी अडचण या एका रेल्वेमार्गात दिसते.

उस्मान अली खान कोण होता?

६ एप्रिल १८८६ रोजी हैदराबादेत त्याचा जन्म झाला. वडील, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या निधनानंतर २९ ऑगस्ट १९११ रोजी, वयाच्या २५ व्या वर्षी तो गादीवर आला. त्याच्या वाट्याला आलेले राज्य हिंदुस्थानातील संस्थानांत लोकसंख्येने सर्वांत मोठे होते. क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार ७०० चौरस मैल आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १ कोटी ६३ लाख. स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे, फौज, पुढे रेडिओ आणि विमान कंपनीही. एखाद्या देशाकडे असावे ते जवळपास सगळे इथे होते.

त्याच्या कारभाराची दुसरी बाजूही मोठी आहे. १९०८ च्या मुसा नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले होते. पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून त्याच्या काळात उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. उच्च न्यायालय, रुग्णालय आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले. अजिंठ्यातील चित्रांच्या जतनासाठी त्याच्या पुरातत्त्व खात्याने इटलीहून तज्ज्ञ आणले. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्याने मदत दिली आणि तेथील निजाम अतिथीगृह आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

१९३७ मध्ये अमेरिकेतील टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर त्याचे छायाचित्र छापले. हा माणूस स्वतःवर मात्र फार कमी खर्च करी. जुनी टोपी आणि साधे कपडे यासाठी तो प्रसिद्ध होता. राज्याच्या सुमारे एक दशांश जमिनीचे उत्पन्न, सर्फ-ए-खास म्हणून, थेट त्याच्या खासगी खजिन्यात जाई.

पण या राज्यातील सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू होती आणि मराठी, तेलुगू, कन्नड बोलत होती. कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूतून चाले. सत्तेत, नोकऱ्यांत आणि जहागिरीत बहुसंख्याकांचा वाटा अगदी थोडा होता. निवडून आलेल्या प्रतिनिधींना जबाबदार असे सरकार नव्हते.

इंग्रजांशी त्याचे नाते कसे होते?

हैदराबादचे परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. १७९८ मध्ये निजामाने तैनाती फौजेचा करार केला. पाच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. निजाम तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होता. दख्खनमधील मराठा सत्तेचे बळ या लढाईने मोडले आणि निजामाचे राज्य इंग्रजांच्या छत्राखाली टिकले. पुढे खुद्द जालन्यातही लष्करी छावणी उभी राहिली.

या संरक्षणाची किंमत मोठी होती. किनाऱ्यालगतचा उत्तर सरकार हा प्रदेश अठराव्या शतकातच इंग्रजांकडे गेला होता. त्यामुळे हैदराबादला समुद्र उरला नाही. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमचे भाडेपट्ट्यावर देण्यात आले. मालकी नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा.

उस्मान अलीने वऱ्हाड परत मिळवणे हे आपले ध्येय मानले. पहिल्या महायुद्धात त्याने इंग्रजांना सढळ हाताने पैसा आणि सैन्य दिले. तुर्कस्तानचा खलिफा शत्रूच्या बाजूला असतानाही मुस्लिमांनी इंग्रजांशी निष्ठा राखावी, असे आवाहन त्याने केले. बदल्यात १९१८ मध्ये त्याला इतर कोणत्याही संस्थानिकाला नसलेला किताब आणि इंग्रजांचा विश्वासू दोस्त ही उपाधी मिळाली. वऱ्हाड मिळाले नाही.

त्याने मग कायद्याचा मुद्दा काढला. परराष्ट्र व्यवहार वगळता अंतर्गत बाबतींत आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत, असा त्याचा दावा होता. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी पत्राने तो फेटाळला. ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाटी करू शकत नाही, हे त्याला स्पष्ट सांगण्यात आले. १९३६ च्या करारात त्याच्या वारसाला प्रिन्स ऑफ बेरार हा किताब देऊन समाधान करण्यात आले. बरोबरीचा दर्जा नाकारला गेल्याची सल मात्र कायम राहिली.

याच काळात त्याने हिंदुस्थानाबाहेरही नाती जोडली. १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे त्याच्या दोन मुलांची लग्ने झाली. थोरली सून पदच्युत खलिफा अब्दुल मजीद यांची मुलगी दुर्रुशेवार, तर धाकटी सून तुर्की राजघराण्यातील निलोफर. या सोयरिकीने निजामाचे नाव जगभरच्या मुस्लिमांत गाजले. राजकीय पाठबळ त्यातून कधीच मिळाले नाही.

स्वतंत्र देश व्हायचे त्याने का ठरवले?

जून १९४७ मध्ये फाळणीची योजना जाहीर झाली. इंग्रज जाताना संस्थानांवरील त्यांचे सार्वभौमत्व संपणार होते. निजामाने याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. १९२६ मध्ये ज्या सत्तेने आपल्याला कमी लेखले तीच निघून जाते आहे, तेव्हा आपण कायद्याने स्वतंत्र होतो, असे त्याचे गणित होते. त्याच महिन्यात फर्मान काढून त्याने भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कुठेही सामील होणार नसल्याचे जाहीर केले.

सल्लागार म्हणून सर वॉल्टर मॉंक्टन हे नामवंत इंग्रज वकील त्याच्याकडे होते. हैदराबादला ब्रिटिश राष्ट्रकुलात स्वतंत्र दर्जा द्यावा, अशी मागणी त्याच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटन यांच्याकडे केली. ती मान्य झाली नाही.

मान्यता मिळाली असती तरी नकाशाचा प्रश्न होताच. हैदराबादला कुठल्याही तिसऱ्या देशाची सीमा लागत नव्हती. चारही बाजूंना एकच शेजारी होता, भारत. समुद्राकडे जाणारी वाट म्हणून गोव्यातील मुरगाव बंदर वापरायला मिळावे, यासाठी पोर्तुगीजांकडे चाचपणी झाली. पण हैदराबाद आणि गोवा यांच्या मध्येही भारताचाच प्रदेश होता. डाळ, कापूस, पेट्रोल, औषधे यांची ने-आण शेजाऱ्याच्या रेल्वेशिवाय आणि रस्त्यांशिवाय शक्य नव्हती.

जैसे थे करार काय होता?

वाटाघाटी लांबत गेल्या. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस निजामाचे शिष्टमंडळ भारताशी झालेला करार घेऊन दिल्लीला निघणार होते. तेव्हा इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावाने त्याच्या सदस्यांच्या घरांना वेढा घालून त्यांना रोखले. पंतप्रधान असलेले छतारीचे नवाब पायउतार झाले. परराष्ट्र धोरण ठरवण्याची सूत्रे त्या रात्री निजामाच्या हातून निसटू लागली.

अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा जैसे थे करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण याबाबत इंग्रजांच्या काळातील व्यवस्था तशीच चालू ठेवायची आणि तोवर कायमचा तोडगा काढायचा, असा त्याचा अर्थ होता. भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत आले.

शाई वाळते न वाळते तोच तक्रारी सुरू झाल्या. नवे पंतप्रधान मीर लायक अली हे उद्योगपती होते आणि संयुक्त राष्ट्रांतील पाकिस्तानच्या शिष्टमंडळात त्यांनी काम केले होते. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात दिल्याचे उघड झाले. संस्थानात भारतीय चलनाच्या वापरावर निर्बंध आले. कराचीत हैदराबादचा प्रतिनिधी बसला. काश्मीरवरून भारत आणि पाकिस्तान यांच्यात लढाई चालू असताना ही पावले दिल्लीला शत्रुत्वाची वाटली.

हैदराबादचीही तक्रार होती. भारताने आर्थिक नाकेबंदी केली असून औषधे आणि पेट्रोलसुद्धा अडवले जाते, असे त्याचे म्हणणे होते. शस्त्रांचा पुरवठा तर थांबलाच होता. तो भरून काढण्यासाठी सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाला गाठण्यात आले. त्याची विमाने कराचीहून रात्री उड्डाण करून बिदर आणि वारंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवू लागली.

राज्याच्या आत काय चालले होते?

निजाम बाहेरून मान्यता शोधत होता, तेव्हा घरातली मान्यता संपत आली होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि अनेकांनी नागपूर गाठून शिक्षण पूर्ण केले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील व्हा अशी मागणी करणारा दिवस पाळला गेला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवणे हा मराठवाड्यात गुन्हा ठरला. त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली.

दुसरीकडे लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकार संघटनेने गावोगाव दहशत बसवली. लूट, जाळपोळ, खून यांच्या बातम्या येऊ लागल्या. निजामाने त्यांना आवरले नाही. सुरुवातीला त्याला हे दिल्लीवर दबाव आणण्याचे साधन वाटले. पुढे आवरण्याची ताकदही त्याच्यात उरली नाही.

जालन्यासारख्या सरहद्दीवरच्या भागाने हा काळ वेगळ्या तऱ्हेने अनुभवला. ज्यांना शक्य झाले ती कुटुंबे सीमा ओलांडून वऱ्हाडात, खानदेशात नातेवाइकांकडे गेली. सीमेपलीकडे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांची केंद्रे उभी राहिली. मनमाड, बार्शी, उमरखेड ही त्यांतील गाजलेली नावे. तेथून आत येऊन करोडगिरीची नाकी उद्ध्वस्त करणे, सरकारी दळणवळण तोडणे अशी कामे होत. तेलंगणात तर जमीनदारीविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र उठाव चालू होता.

जून १९४८ मध्ये माउंटबॅटन यांनी परतण्यापूर्वी शेवटचा मसुदा पुढे केला. हैदराबादला बरीच स्वायत्तता देणारा हा मसुदा सरदार पटेल यांना फार सैल वाटत होता, तरी त्यांनी संमती दिली होती. निजामाने तो नाकारला. त्याच्या आयुष्यातील ही सर्वांत महाग चूक ठरली. इतक्या चांगल्या अटी त्याला पुन्हा मिळणार नव्हत्या.

संयुक्त राष्ट्रांत काय झाले?

२१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार पाठवली. मोईन नवाज जंग यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ पॅरिसला गेले. तेथे परिषदेची बैठक १६ सप्टेंबरला झाली. विषय कार्यसूचीवर घ्यावा या बाजूने आठ मते पडली, तीन सदस्य तटस्थ राहिले. भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार यांनी आक्षेप घेतला. हैदराबाद हा देश कधीच नव्हता, त्याला परराष्ट्र संबंधांचा अधिकार इंग्रजांच्या काळातही नव्हता, त्यामुळे त्याला तक्रारीचा हक्क नाही, असा तो मुद्दा होता.

रीडिंग यांच्या १९२६ च्या पत्राचेच हे दुसरे टोक होते. इंग्रजांनी जो दर्जा नाकारला, तोच आधार नव्या स्वतंत्र भारताने वापरला. वसाहतीच्या राज्यातून बाहेर पडलेल्या देशाने वसाहतकाळातील सर्वोच्च सत्तेचा सिद्धांत आपल्या एकतेसाठी पुढे चालवला. पण भारताच्या हाती आणखी एक बळकट मुद्दा होता. संस्थानातील जनतेचा मोठा भाग भारताकडे डोळे लावून बसला होता.

पॅरिसमध्ये चर्चा चालू होती तेव्हा मैदानावरचा निकाल जवळपास लागला होता. २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याची तार पाठवली. दबावाखाली ती पाठवली गेली, असे पाकिस्तानचे म्हणणे होते. १९४९ च्या मे महिन्यात परिषदेत पुन्हा चर्चा झाली, ठराव झाला नाही.

जालन्यात फौज कधी आली?

पाकिस्तानचे संस्थापक महंमद अली जिना यांचे ११ सप्टेंबर १९४८ रोजी निधन झाले. १३ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले. मुख्य चढाई सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी यांच्या नेतृत्वाखाली झाली. मराठवाड्याच्या उत्तर भागात मेजर जनरल डी. एस. ब्रार यांची तुकडी आली. औरंगाबाद लगेच हाती आले. १५ सप्टेंबरला गुरखा रायफल्सची एक कंपनी जालन्यात ठेवून उरलेली फौज लातूर आणि मोमिनाबादकडे, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे, गेली.

निजामाची फौज आणि रझाकार कुठेही फार टिकले नाहीत. कराचीहून मदत आली नाही, येण्यासारखी वाटही नव्हती. सुमारे १०८ तासांत सगळे संपले. १७ सप्टेंबरला संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधुरी यांच्यापुढे रीतसर शरणागती पत्करली. दिल्लीने या लष्करी मोहिमेला पोलीस कारवाई म्हटले. शब्द विचारपूर्वक निवडला होता. दोन देशांत युद्ध होते, पोलीस कारवाई आपल्याच घरात होते.

किंमत कोणी मोजली?

कारवाईपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांत गावे होरपळली. कारवाईनंतर अनेक ठिकाणी सूड उगवला गेला आणि त्यात रझाकारांशी संबंध नसलेले सामान्य मुस्लिम मोठ्या संख्येने मारले गेले. पंतप्रधान नेहरू यांनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पाठवले. त्याच्या अंदाजानुसार मृतांचा आकडा २७ हजार ते ४० हजारांच्या दरम्यान होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

दोन्ही बाजूंनी मेलेल्यांत फार थोड्यांना मुरगाव बंदर, सुरक्षा परिषद किंवा वऱ्हाडचा भाडेपट्टा यांच्याशी काही देणेघेणे होते. राज्यकर्त्याने आपल्या दर्जाचा प्रश्न प्रजेच्या सुरक्षेपेक्षा मोठा मानला, की हिशेब असा चुकतो.

लंडनच्या बँकेतील पैशांचे काय झाले?

सप्टेंबर १९४८ मध्येच निजामाच्या सरकारचे लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतील सुमारे १० लाख ८ हजार पौंड पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहीमतुल्ला यांच्या नावे वळते करण्यात आले. हे आपल्या परवानगीशिवाय झाले, असे सांगत निजामाने आठवडाभरात पैसे परत मागितले. बँकेने दोघांनाही दिले नाहीत.

१९५७ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने पाकिस्तानच्या सार्वभौमत्वामुळे खटला चालवता येणार नाही, असा निर्णय दिला. पैसे गोठून राहिले. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच दावा दाखल केला आणि ते संरक्षण गमावले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा रक्कम व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. ती निजामाचे वंशज आणि भारत सरकार यांची असल्याचे ठरले. हैदराबादचे परराष्ट्र धोरण १९४८ मध्ये संपले, त्याचा शेवटचा हिशेब मिटायला ७१ वर्षे लागली.

निजामाचे पुढे काय झाले?

भारताने त्याला पदच्युत केले नाही, खटलाही चालवला नाही. कासीम रझवीला शिक्षा झाली, सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. लायक अली नजरकैदेतून निसटून तिकडेच पोहोचले. उस्मान अली मात्र हैदराबादेतच राहिला. नोव्हेंबर १९४९ मध्ये त्याने भारताची राज्यघटना स्वीकारली. २६ जानेवारी १९५० पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. त्याला वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखा मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्यच नकाशावरून गेले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. वऱ्हाडही त्याच राज्यात होते. ज्या वऱ्हाडासाठी निजाम आयुष्यभर झगडला, ते आणि जालना एकाच राज्यात आले ते त्याची सत्ता गेल्यावर.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धाच्या काळात त्याने पाच टन सोने देशाला दान केले, असे संदेश मोबाइलवर नेहमी फिरतात. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार ते सोने ४२५ किलो होते. ते दान नव्हते, राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण योजनेतील व्याजी गुंतवणूक होती. तरीही ज्या पाकिस्तानला त्याच्या सरकारने एकेकाळी कर्ज दिले, त्याच्याशी लढणाऱ्या भारताच्या योजनेत त्याने सोने गुंतवले, हे खरे आहे. त्याच वर्षी लंडनच्या पैशांवरील आपला हक्कही त्याने भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे केला.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठी राजवाड्यात त्याचे निधन झाले. समोरच्या मशिदीत त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेला हैदराबादच्या रस्त्यांवर सर्व धर्मांच्या लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती.

आज याचा अर्थ काय?

स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र धोरणाची चर्चा चीन, पाकिस्तान, श्रीलंका यांच्यापासून सुरू होते. पण त्याची पहिली परीक्षा देशाच्या पोटात झाली. कोणाला देश म्हणायचे, कोणाशी करार करायचा आणि कोणता वाद घरचा मानायचा, हे प्रश्न १९४८ मध्ये काश्मीरबरोबरच हैदराबादनेही भारतापुढे ठेवले.

उस्मान अलीकडे पैसा होता, वकील होते, नाणे आणि फौज होती. मराठवाड्यातील, तेलंगणातील आणि कर्नाटकातील आपल्या माणसांना सोबत घेणे एवढी एकच गोष्ट त्याने केली नाही. जबाबदार सरकारची मागणी त्याने वेळीच मान्य केली असती, तर जून १९४८ च्या अटींवर त्याला सन्मानाने वाट काढता आली असती आणि हजारो जीव वाचले असते.

जालन्याहून सिंदखेड राजाला जाताना आता करोडगिरीचे नाके लागत नाही आणि खिशात दोन प्रकारची नाणी ठेवावी लागत नाहीत. जिल्हा बदलल्याची पाटी तेवढी दिसते. १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाला उभे राहताना आठवावी अशी सरहद्द तिथे होती.